उघड्यावर वाचलेली गोष्ट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळामास्तर होते आणि वर्गात धडा मोठ्यानं वाचून घेण्यावर त्यांचा फार भर असे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलं. तेव्हाच आजचा विषय ठरला. एखादी नामवंत मराठी कथा, पुस्तक हातात धरून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. चौकात, देवळाच्या पटांगणात किंवा चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत. जो कोणी समोर बसेल त्याच्यासाठी. तिकीट नाही, प्रवेशिका नाही, पहिल्या रांगेत राखीव खुर्च्या नाहीत. या साध्या कामाची गरज सोलापूरला जितकी आहे तितकी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही शहराला नसेल, असं मला मनापासून वाटतं. ते का, आणि ते करताना कोणत्या दोन मोहांपासून लांब राहायचं, एवढंच आज मांडणार आहे.

सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्यापासून सुरुवात करतो. श्रीधरस्वामी नाझरेकरांचं हे गाव. अठरावं शतक उगवत असताना त्यांनी 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' लिहिले. 'हरिविजया'चे ३६ अध्याय, 'रामविजया'चे ४०, 'पांडवप्रतापा'चे ६४. पंढरपुरात राहून लिहिणाऱ्या या माणसाची पोथी महाराष्ट्रात ज्या रीतीनं पसरली ती रीत आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. चातुर्मास लागला की देवळात, पारावर नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी सुरू व्हायची. कंदिलाच्या उजेडात एक जण ओवी वाचणार, दुसरा तिचा अर्थ सांगणार, आणि दिवसभर रानात राबलेली माणसं मांडी घालून ऐकणार. त्यांतल्या कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती. तरीही कर्णाचं दान, अभिमन्यूचा चक्रव्यूह, कृष्णाची शिष्टाई त्यांना घरातल्या गोष्टीसारखी ठाऊक असे. मराठी पुस्तकाशी या जिल्ह्याची ओळख आधी कानांनी झाली, डोळे त्या मानानं पुष्कळ उशिरा आले.

याच मातीत रामजोशी झाले, सोलापूर शहरातले. लावणी आणि कीर्तन या दोन्हींवर त्यांची हुकूमत होती आणि दोन्हींचा रंगमंच म्हणजे मोकळं मैदान. बार्शीचे शाहीर अमर शेख तर कालपरवाचे. १९१६चा जन्म. ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानाच्या शेवटच्या टोकाला पोचणारा त्यांचा आवाज ऐकलेली माणसं माझ्या लहानपणी त्या आवाजाबद्दल बोलताना स्वतःचाही आवाज नकळत चढवत असत. आणि ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावानं हे शहर ओळखलं जातं त्यांची बाराव्या शतकातली वचनं कन्नडमधली आहेत, लोकांमध्ये बोलली-गायली गेलेली. सोलापूरचं वाङ्मय बंद दालनात वाढलेलंच नाही.

आता कथेकडे येतो. द. मा. मिरासदार याच जिल्ह्याचे. १९२७ साली अकलूजला जन्म, शिक्षण पंढरपूरला. पुढे ते पुण्यात शिक्षक झाले आणि नंतर गरवारे महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक. व्यंकटेश माडगूळकरही १९२७चेच, माणदेशातल्या माडगूळचे. शंकर पाटील त्यांच्याहून एका वर्षानं मोठे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे. या तिघांनी मिळून साठच्या दशकापासून महाराष्ट्रभर कथाकथनाचे कार्यक्रम केले. साहित्य संमेलनाचा मांडव, साखर कारखान्याचं आवार, गणेशोत्सवातला चौक, शाळेचं पटांगण, कुठंही. कथा हा छापून यायचा आणि घरी बसून वाचायचा प्रकार, ही समजूत त्यांनी मोडून काढली. ग्रामीण माणसाच्या तोंडची भाषा हजारो लोकांपुढे मोकळेपणानं वावरू लागली. तिघेही पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर १९८३ला अंबाजोगाईला, पाटील १९८५ला नांदेडला, मिरासदार १९९८ला परळी वैजनाथला. ज्या मांडवांत त्यांनी गोष्टी सांगितल्या तसल्याच मांडवांत ते अध्यक्ष म्हणून बसले. मला हा योग फार मोलाचा वाटतो, कारण मराठी साहित्यव्यवहारानं ऐकण्याच्या वाङ्मयाला इतका मान क्वचितच दिला आहे.

पण कथाकथन आणि मी म्हणतो ते वाचन यांत फरक आहे, आणि तो इथे नीट सांगायला हवा.

कथाकथनात पुस्तक बाजूला राहतं. कथा लेखकाला पाठ असते. समोरची माणसं हसली की तो प्रसंग थोडा लांबवतो, कंटाळली की आवरतो. शंकर पाटलांची 'धिंड' किंवा मिरासदारांची 'भुताचा जन्म' ऐकणारा माणूस कथेइतकाच त्या माणसाला ऐकत असे, त्याचा चेहरा, त्याच्या आवाजाची फेक. ते तिघे कलावंतच तसे होते. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळांनी मात्र त्यांच्या कलेतलं फक्त हसवणं उचललं. हळूहळू कथाकथन म्हणजे विनोदी किश्शांचा कार्यक्रम असं समीकरण झालं आणि गंभीर कथा मांडवातून बाहेर पडली. हा पहिला मोह, सादरीकरणाचा. वाचणाऱ्यानं पात्रागणिक आवाज बदलायचा, रडायचं, मागं बासरी लावायची. अलीकडे अभिवाचनाच्या नावाखाली हे फार होतं. लेखकानं जिथं शांत वाक्य लिहिलं आहे तिथं व्हायोलिन आलं की लेखकावर अन्याय होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मोह पोथीतून आलेला. वाचणाऱ्याशेजारी अर्थ सांगणारा बसवण्याचा. श्रीधरांच्या ओवीला त्याची गरज होती, परंपरेनं ती मानली. कथेला ती नसते. तरी आपण कथा वाचून झाली की लगेच प्राध्यापकांना उभं करतो आणि ते कथेतला सामाजिक आशय उलगडून दाखवतात. श्रोत्याच्या मनात नुकतं काहीतरी हललेलं असतं, ते स्थिर होण्याआधीच त्याला सांगितलं जातं की तुमच्या मनात हे हललं आहे. मीही प्राध्यापकी केलेली आहे आणि अध्यापनाबद्दल मला आदर आहे, पण त्याची जागा वर्गात. चौकात पुस्तक आणि श्रोता यांच्यामध्ये कोणी उभं राहू नये.

माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधलं 'धर्मा रामोशी' आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलं आहे. पुस्तक १९४९चं. त्याला व्यक्तिचित्र म्हणा, कथा म्हणा, माझ्या दृष्टीनं ती मराठीतल्या उत्तम कथांपैकी एक आहे. धर्मा म्हातारा झालेला, अंगावर चिंध्या. लेखकाच्या घरून तो एक जुनं धोतर नेतो. शेवटी कळतं की ते धोतर त्याच्या अंगावर नाही, त्याच्या वाढत्या वयाच्या लेकीच्या, बजाच्या अंगावर आहे. यापलीकडे लेखक एक अक्षर बोलत नाही. ही कथा मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळापुढं, संध्याकाळी वाचली. तिथून माणदेशाचा तो मुलूख काही लांब नाही. सांगोला, आटपाडी, म्हसवड हे एकाच दुष्काळी पट्ट्यातले शेजारी. वाचून झाल्यावर एक आजीबाई पुढं आल्या आणि त्यांनी विचारलं, "मग पोरीला लुगडं मिळालं का?"

सभागृहात हीच कथा वाचली की लोक माडगूळकरांबद्दल विचारतात. ते कुठं राहायचे, गदिमांचे धाकटे भाऊ ना, आकाशवाणीत होते ना. प्रश्न चांगले आहेत, त्यांची उत्तरंही द्यावीत. पण त्या देवळापुढं लेखक कोण याची चौकशी झाली नाही. चौकशी बजाची झाली. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आणि देणं योग्यही नव्हतं. माडगूळकरांनी ते लिहिलेलं नाही. कथा जिथं थांबते तिथंच वाचणाऱ्यानंही थांबायचं असतं. आजीबाईंचा प्रश्न त्यांच्याजवळ राहिला, आणि त्या तो घेऊन घरी गेल्या. अर्थ सांगणारा शेजारी असता तर त्यानं तो तिथंच निकालात काढला असता.

आता सोलापूर शहराबद्दल. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या आहेत. पूर्व भागात घरात तेलुगू बोललं जातं, दारात मराठी. अक्कलकोट रस्त्यानं गेलं की कन्नड कानावर पडू लागतं. विजापूर वेशीत दखनी. ही सगळी माणसं मराठी समजतात. बाजार, दवाखाना, कचेरी, कारखाना इथं ती मराठीच बोलतात, आणि त्यांची मराठी मला पुण्यातल्या मराठीइतकीच अस्सल वाटते. पण त्यांतल्या पुष्कळांनी मराठी पुस्तक हाती धरलेलं नसतं. शाळा दुसऱ्या लिपीतली झाली. मराठी त्यांच्याजवळ कानांनी आली आणि कानांतच राहिली. अशा माणसाला आपण 'वाचनसंस्कृती वाढवा' म्हणून पुस्तक भेट देतो. त्याच्या घरी ते पुस्तक फडताळात राहतं. त्याला कथा ऐकवली तर? त्याला तिच्यातला शब्दन् शब्द कळेल. मराठी साहित्याचे हे श्रोते आपल्या अंगणातच आहेत आणि शंभराहून अधिक वर्षांच्या आधुनिक मराठी कथेनं त्यांच्या दारावर अजून थाप मारलेली नाही.

या श्रोत्यांतही फरक करायला हवा. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचे कान मागाच्या खडखडाटानं भरलेले असतात. पाळी संपेपर्यंत त्याला काही ऐकवता येत नाही. विडी कामगार बाईचं तसं नाही. सूप मांडीवर, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरीचा हिशोब हजार विड्यांवर. हात गुंतलेले, नजर गुंतलेली, कान मोकळे. विडी घरकुलात दुपारी दहा-पंधरा बायका एका सावलीत बसून विड्या वळताना दिसतात. मोबाईलवर मालिका चालू असते किंवा गप्पा.

इथं मला क्यूबाची आठवण येते. १८६५च्या सुमाराला हवाना शहरातल्या सिगार कारखान्यांत एक प्रथा सुरू झाली. कामगार सिगार वळत असत आणि उंच बैठकीवर बसलेला एक वाचक त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत असे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचकाला निवडत कामगार आणि त्याचा पगारही कामगार वर्गणी काढून देत. मालकाचा त्यात पैसा नव्हता. काय वाचायचं तेही कामगार ठरवत. तिथल्या स्पॅनिश सरकारला हे इतकं धोक्याचं वाटलं की १८६६मध्येच त्यावर बंदी आली. प्रथा मात्र टिकली, आणि आजही तिथं काही कारखान्यांत वाचक आहे. अलेक्झांडर द्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' तिथल्या श्रोत्यांना इतकी प्रिय झाली की त्या नावाची सिगार निघाली, असं सांगतात. तिथं तंबाखू, इथंही तंबाखू. तिथंही हात गुंतलेले आणि कान मोकळे होते. सोलापूरच्या विडी कामगारांनी घरांसाठी, मजुरीसाठी, निवृत्तिवेतनासाठी मोठे लढे दिले आहेत. या शहरात कामगार संघटना म्हणजे काय हे कोणाला शिकवावं लागत नाही. एखाद्या संघटनेनं ठरवलं तर आठवड्यातून एक दुपार, एक कथा, ही काही अवघड मागणी नाही.

थोडं तंत्राबद्दल सांगतो, कारण उघड्यावर वाचणाऱ्यानं आवाजाचे नियम पाळले नाहीत तर बाकी सगळं वाया जातं. सभागृहात भिंती आवाज परत पाठवतात. मैदानात तो निघून जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण सहा डेसिबलनं उतरते. म्हणून वाचणाऱ्याच्या पाठीशी भिंत असावी. आपल्या भुईकोट किल्ल्याच्या तटाइतकी चांगली भिंत कुठं मिळणार? श्रोते अर्धवर्तुळात, जवळ. संध्याकाळची वेळ घ्यावी, आणि त्याला कारण आहे. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडला असेल तर सूर्यास्तानंतर जमीन झपाट्यानं गार होते, वरची हवा उबदार राहते आणि आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो. लांबच्या गावची भजनं रात्री स्पष्ट ऐकू येतात ती यामुळंच. शंभरेक माणसांपर्यंत ध्वनिक्षेपक लागू नये. लागलाच तर छोटा लावावा, आणि रात्री दहानंतर तो कायद्यानं बंद असतो हे ध्यानात ठेवावं. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, दगड रात्रीपर्यंत तापलेले असतात. कार्तिक ते फाल्गुन हा आपला काळ. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा होम मैदानाच्या आसपास जाऊ नये, तिथं पाळण्यांपुढं कोणाचाही आवाज टिकणार नाही.

वाचायची गती शाळेत शिकवतात त्याहून हळू. मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास. अडीच हजार शब्दांची कथा पंचवीस मिनिटांत होते, आणि उघड्यावर माणूस तेवढा वेळ सहज बसतो. मधून उठून जाणारे असतात, मधूनच येणारे असतात. त्यांच्यासाठी थांबू नये, मागचं सांगू नये. अर्ध्यावर आलेल्या माणसाला अर्धी कथा मिळते आणि कधीकधी तोच शेवटी पुस्तकाचं नाव विचारतो.

कोणत्या कथा? हलक्याफुलक्या कथांनी सुरुवात करावी म्हणजे लोक जमतील, असा सल्ला मला बरेच जण देतात. मी त्याच्याशी सहमत नाही. मिरासदार वाचावेतच, ते आपले आहेत आणि त्यांच्या विनोदाखाली माणसाचं दारिद्र्य आणि धूर्तपणा दोन्ही दिसतात. पण रस्त्यावरच्या श्रोत्याला फक्त करमणूक झेपते, हा समज त्या श्रोत्याचा अपमान करणारा आहे. अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' घ्या. खाण बंद पडल्यामुळं बेकार झालेला भीमा पोटासाठी स्मशानात सोनं शोधू लागतो, आणि एका रात्री एका प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. त्या रात्रीची किंमत त्याच्या हाताची बोटं मोजतात. एकेक करून गिरण्या बंद पडलेल्या या शहरात, जुन्या गिरणीच्या चिमण्या ज्यांनी धुराशिवाय पाहिल्या त्या माणसांपुढं ही कथा वाचायची. काम थांबल्यावर माणसाचं काय होतं हे त्यांना टीपा देऊन समजवावं लागणार नाही. खरं तर ही कथा त्यांनी ऐकल्यावर आपण त्यांचं ऐकायला पाहिजे.

एक व्यवहाराची बाब. कथा सबंध वाचायची तर हक्क कोणाकडे आहेत हे पाहावं लागतं. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, माडगूळकर २००१ साली, मिरासदार २०२१ साली. म्हणजे या तिघांच्याही कथांसाठी जाहीर वाचनाआधी परवानगीचं पत्र हवं. अशी पत्रं मागावीत, वेळेवर मागावीत. लेखकाच्या वारसांना आपल्या माणसाची कथा कुठं वाचली जाणार हे कळायला हवं.

जी कथा कोणाच्याही परवानगीशिवाय वाचता येईल ती हरिभाऊ आपट्यांची. 'काळ तर मोठा कठीण आला!' ही त्यांची दुष्काळावरची दीर्घकथा. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यांचं लेखन केव्हाच खुलं झालं आहे. मराठी कथेच्या आरंभीच्या काळात, ऐतिहासिक आणि मध्यमवर्गीय कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकानं भुकेकडं असं पाहावं याचं मला आजही नवल वाटतं. आपला जिल्हा दुष्काळाचा. १८७६च्या दुष्काळात तर इथल्या माणसांनी काय सोसलं याच्या खुणा जमिनीवर आहेत. मोहोळजवळचा आष्टीचा तलाव त्याच वेळी दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला, त्याचा बांध उपाशी माणसांनी रचलेला आहे. हरिभाऊंची कथा तिथल्या गावात वाचली जावी असं मला फार दिवसांपासून वाटतं. ती लांब आहे, एका बैठकीत संपणार नाही. दोन संध्याकाळी घ्याव्या लागतील आणि दुसऱ्या दिवशी लोक परत येतील की नाही हे तिथंच कळेल.

त्यासाठी वाचणारे हवेत. नट नकोत. अर्धा तास एका लयीत, स्पष्ट, न घाई करता वाचू शकतील अशी माणसं हवीत. शिक्षक असतील, गिरणीत काम केलेली असतील, कॉलेजातली मुलं-मुली असतील. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्यांनी तर अवश्य यावं. त्यांच्या तोंडून मराठी कथा ऐकताना समोरच्या शेजाऱ्याला ती परकी वाटणार नाही. हरिभाऊंच्या त्या कथेच्या झेरॉक्स प्रती मी आज सोबत आणल्या आहेत, मोठ्या अक्षरांत, दोन्ही बैठकींचे भाग वेगळे करून. कार्यक्रम संपल्यावर मी इथं व्यासपीठापाशी थांबणार आहे. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी प्रत घेऊन जावी, घरी दोनदा मोठ्यानं वाचून बघावी आणि दिवाळीआधी मला कळवावं.